संप नको म्हणता, मग लवाद द्या : गावच्या महारापासून मुंबईच्या शिपायापर्यंत



सोमवारी बेल्ह्याचा बाजार. नगर-कल्याण रस्त्यावर दिवस उगवायच्या आधीपासून बैलांनी भरलेले टेम्पो उभे राहतात. त्याच रस्त्याच्या कडेने आपल्या वस्तीतली पोरं धावत असतात. सोळाशे मीटर, शंभर मीटर, मग गोळाफेक. कुणी बी.ए. झालेला, कुणी आयटीआय केलेला, कुणी दिवसा कांद्याच्या काट्यावर हमाली करणारा. सगळ्यांचं स्वप्न एकच, पोलीस भरती.

या पोरांसमोर बोलताना आम्ही एकदा म्हणालो की पोलीस शिपायालाही आपल्या पगारासाठी आणि कामाच्या तासांसाठी भांडायचा हक्क असला पाहिजे. त्याला संप करू द्यायचा नसेल, तर निदान ज्याचा निवाडा सरकारवर बंधनकारक असेल असा लवाद त्याला मिळाला पाहिजे. बैठकीतला एक जुना कार्यकर्ता तडक उठला आणि म्हणाला, "रमाबाई नगर विसरलात का? आपल्या माणसांवर गोळ्या झाडणाऱ्यांच्या पगाराची चिंता आपण कशाला करायची?"

प्रश्न रास्त आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध रस्त्यावर आलेल्या आपल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसं मारली. ते आम्ही विसरलेलो नाही. वरळीही विसरलेलो नाही. ५ जानेवारी १९७४ च्या पँथरच्या सभेनंतर बीडीडी चाळींत जे पेटलं, त्यात पोलिसांनी कुणाच्या बाजूने काठी चालवली याच्या आठवणी अजून जिवंत आहेत. त्याच चाळींत आपली कुटुंबं राहत होती आणि पोलिसांचीही. दोघांच्या खोल्या सारख्याच, एका दाराच्या.

तरीही आम्ही आमचं म्हणणं मागे घेत नाही. कारण पोलिसाच्या मजुरीचा प्रश्न १९८२ च्या मुंबईत जन्मला नाही. तो आपल्याच घरात, आपल्या आज्या-पणज्यांच्या घोंगडीत आणि काठीत जन्मला. या देशात विनापगारी पोलीस कोण होता, हे एकदा नीट पाहूया.

जुन्नर, आंबेगाव, खेड, कुठल्याही तालुक्यातलं जुनं गाव घ्या. रात्रीची गस्त महाराची. चोराचा माग काढायचा महाराने. गावात परका माणूस उतरला तर पाटलाला वर्दी द्यायची महाराने. बेवारस मुडदा सापडला तर पंचनामा होईपर्यंत उन्हापावसात त्याच्याजवळ बसून राहायचं तेही महाराने. गावचा सारा गोळा झाला की त्याच्या राखणीला तालुक्यापर्यंत पायी जायचं. अंमलदार आला तर त्याच्या घोड्याला गवत, त्याच्या चुलीला लाकूड. इंग्रजांनी १८६७ चा मुंबई ग्राम पोलीस कायदा आणि १८७४ चा वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा करून ही सगळी व्यवस्था कागदावर पक्की केली. पाटील वरचा वतनदार, महार खालचा. राखण खालच्याने करायची आणि अधिकार वरच्याने मिरवायचा.

आणि मोबदला काय? हाडकी-हाडवळ्याचा जमिनीचा तुकडा, पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन चतकोर राहिलेला. आणि बलुतं. म्हणजे खळ्यावर जाऊन हात पसरायचा आणि कुणब्याच्या मर्जीने मिळेल ते घ्यायचं. सरकारची चाकरी करायची, पण पगार सरकारने द्यायचा नाही, गावाने द्यायचा. गाव रुसलं तर बलुतं बंद. तक्रार करायला जावं तर सरकार म्हणणार हा तुमच्या गावचा मामला, आणि गाव म्हणणार तू सरकारचा चाकर.

हीच गाठ बाबासाहेबांनी नेमकी पकडली. १९ मार्च १९२८ ला त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. वतनी जमिनीची लढाई म्हणून ते आपल्याला शिकवलं जातं, ते खरंच आहे. पण आज पुन्हा वाचलं तर दिसतं की ते चाकरीच्या अटींचं विधेयकही होतं. त्यात काय होतं ते पाहा. बलुत्याऐवजी रोख पैसा ठरवा आणि तो साऱ्याबरोबर सरकारने वसूल करून महाराला द्या, म्हणजे त्याचं पोट गावाच्या मर्जीवर राहणार नाही. काम कोणतं आणि कुणाचं, हे ठरवून द्या. आणि ज्याला चाकरी सोडायची असेल त्याला जमिनीचा पूर्ण सारा भरून मोकळं होऊ द्या. विधेयक मांडताना बाबासाहेबांनी सभागृहाला सांगितलं की या माणसाला चोवीस तासांत कधीही हाक मारली जाते, आणि तो घरी नसेल तर त्याच्या बापाला किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला कामाला जुंपलं जातं.

चोवीस तासांची ड्युटी. मित्रांनो, हा शब्द आजच्या कुठल्याही पोलीस लाइनीत जाऊन उच्चारून बघा.

विधेयक निवड समितीकडे गेलं आणि तिथे त्याचे पंख छाटले गेले. १९२९ मध्ये बाबासाहेबांनी ते मागे घेतलं. कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडावं लागलं, तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते. मधल्या काळात ठिकठिकाणी महारांनी वतनी कामं टाकली आणि गावाचे बहिष्कार सोसले. आमच्याच जुन्नर भागात १८८० च्या दशकात सत्यशोधकांच्या प्रेरणेने कुळांनी जमिनी कसायला नकार दिल्याचा इतिहास आहे. नकाराचं ते हत्यार कुणब्याला उपलब्ध होतं. महाराने तेच उचललं की तो कायद्याने गुन्हेगार ठरायचा, कारण त्याची चाकरी जन्माने बांधलेली होती.

आता याच इतिहासाची दुसरी बाजू. गावात फुकट पोलीसगिरी करणाऱ्या महाराला पगारी पोलिसात मात्र जागा नव्हती. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सासवडला महारांची परिषद भरवली. दीड हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. १९१० मध्ये दख्खनच्या महारांचा अर्ज थेट विलायतेला भारतमंत्र्यांकडे गेला. मागणी काय होती? लष्करात घ्या, पोलिसात शिपाई म्हणून घ्या, सरकारी नोकरीच्या तळच्या पायरीवर तरी घ्या. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने निवेदन दिलं तेव्हाही बाबासाहेबांनी लष्कर, आरमार आणि पोलीस या तिन्ही खात्यांत भरतीचा हक्क मागितला. रात्री गावाची राखण महाराने केली तर गाव बाटत नव्हतं. त्याच महाराच्या डोक्यावर सरकारी फेटा चढला की मात्र बाटत होतं!

म्हणून बेल्ह्याच्या रस्त्यावर धावणारा आपला पोरगा चार पिढ्यांनी मागितलेली जागा मिळवायला धावतो आहे. ती त्याला मिळू दे. पण ती मिळाल्यावर तो कोणत्या कायद्याच्या ताब्यात जातो, हे त्याला भरतीच्या क्लासमध्ये कुणी सांगत नाही. ते आम्ही सांगतो.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'कामगार' या शब्दाची व्याख्या होती, त्यातून पोलीस वगळलेला होता. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही तो वगळलेलाच आहे. १९६० मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांचा मोठा संप झाला. त्यानंतर १९६६ मध्ये केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी संयुक्त सल्लागार यंत्रणा आणि सक्तीचा लवाद ही योजना आणली. पगार-भत्ते, आठवड्याचे कामाचे तास आणि रजा या तीन बाबींवर बोलणी फिसकटली तर प्रश्न लवादाकडे जातो. निवाडा दोन्ही बाजूंवर बंधनकारक असतो, तो बदलायचा अधिकार फक्त संसदेला. चांगली योजना आहे. पण तिच्यातूनही पोलीस वगळले. ज्याचे तास सगळ्यात जास्त, ज्याची रजा सगळ्यात कमी, नेमका तोच बाहेर!

त्याच १९६६ साली पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. त्याचं तिसरं कलम पोरांना आम्ही मोठ्याने वाचून दाखवतो. स्पष्ट परवानगीशिवाय पोलिसाला कोणत्याही कामगार संघटनेत किंवा राजकीय संघटनेत जाता येत नाही. जिला दलाचा भाग म्हणून मान्यता नाही अशा इतर कुठल्याही मंडळात जायचं, तर ते निव्वळ सामाजिक, करमणुकीचं किंवा धार्मिक असलं पाहिजे. म्हणजे शिपायाने भजनी मंडळात जावं, क्रिकेटच्या संघात जावं. पगार मागणाऱ्या मंडळात गेला तर दोन वर्षांपर्यंतची कैद.

आता कुणी म्हणेल की या कायद्याचा आधार असलेलं कलम ३३ संविधानातच आहे आणि संविधान बाबासाहेबांचं आहे. बरोबर. सशस्त्र दलं आणि सुव्यवस्था राखणारी दलं यांच्या बाबतीत मूलभूत हक्कांना मर्यादा घालण्याचा अधिकार ते कलम संसदेला देतं. कर्तव्य नीट पार पडावं आणि शिस्त टिकावी, एवढ्याचसाठी. शिपायाला न्याय मागायला कुठलंही दार ठेवू नका, असं ते कुठेही म्हणत नाही. १९६६ च्या कायद्यातही 'परवानगीशिवाय' हा शब्द आहे, म्हणजे परवानगी देता येते. केरळात पोलिसांची मान्यताप्राप्त संघटना आहे. तिथे काही आभाळ कोसळलेलं नाही.

बाबासाहेबांचं या विषयावरचं मत पाहायचं तर १५ सप्टेंबर १९३८ चं मुंबई विधानसभेतलं भाषण काढा. खेर मंत्रिमंडळाचं औद्योगिक विवाद विधेयक होतं. त्यात आधी समेटाची सक्ती होती आणि तोवर केलेला संप बेकायदा ठरत होता. बाबासाहेबांचा मुद्दा असा की संप म्हणजे माणसाच्या स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव. त्याच्या मर्जीविरुद्ध त्याला कामावर राहायला लावणं म्हणजे गुलामी. ७ नोव्हेंबरला त्या विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी मिळून एक दिवसाचा संप केला. त्या दिवशीही मुंबईत गोळीबार झाला, आणि गोळ्या झाडणाऱ्या शिपायांना स्वतःला संपाचा हक्क नव्हता. वतनाच्या विधेयकामागेही हेच तत्त्व होतं, की काम सोडण्याची मुभा नसेल तर ती नोकरी नव्हे, वेठ आहे. ज्याच्या हातात संप आहे त्याच्यावर लवाद लादणं म्हणजे त्याचे हात बांधणं, हे आम्हाला मान्य आहे. पण ज्याच्या हातातून संप आधीच काढून घेतला, त्याला लवादही नाकारला तर त्याच्याजवळ उरतं काय? अर्ज. साहेबांच्या मर्जीवर सोडलेला अर्ज. खळ्यावर पसरलेल्या हातासारखाच.

अर्जांचं काय होतं ते मुंबईने १९८२ मध्ये पाहिलं. जानेवारीत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला होता, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर होते. बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होते. आणि गिरणी कामगारांवर बंदोबस्ताला उभा असलेला शिपाई कोण होता? बहुतेक वेळा घाटावरून, कोकणातून त्याच गाड्यांनी आलेला, तसल्याच चाळीत राहणारा, कामगाराचाच भाऊबंद. पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या मागण्या साध्या होत्या. पगार, राहायला घर, कामाचे ठरलेले तास, संघटनेची कदर. १५ ऑगस्टला शिपायांनी काळ्या फिती लावून स्वातंत्र्यदिनाचा बंदोबस्त केला. काम बंद केलं नव्हतं, हे लक्षात घ्या. फक्त फिती.

सरकारने १८ ऑगस्टच्या पहाटे पुढाऱ्यांना झोपेतून उचललं आणि संघटनेची मान्यता काढून घेतली. सकाळी बातमी लाइनींमध्ये पसरली आणि शिपाई रस्त्यावर आले. लोकल थांबल्या. संपावरचे गिरणी कामगार त्यांना येऊन मिळाले. दगडफेक, जाळपोळ, लूट झाली, माणसं मेली. शहरात लष्कर आणि केंद्रीय दलं उतरली. नंतर बडतर्फ्या झाल्या आणि संघटना संपली. त्या दिवशीच्या हिंसेचं समर्थन आम्ही करत नाही, लुटली गेलेली दुकानं काही मंत्र्यांची नव्हती. पण फिती लावणाऱ्याला बोलायला टेबल मिळालं असतं, तर दगड उचलायची वेळ आली असती का, हा प्रश्न तेव्हाही कुणी विचारला नाही.

आणि हे काही अचानक घडलं नव्हतं. १९७३ मध्ये उत्तर प्रदेशात पीएसीचं बंड झालं होतं. १९७९ मध्ये पंजाबपासून पोलिसांच्या आंदोलनांची लाट उठली, आणि बोकारोला औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानांवर लष्कराने गोळ्या चालवल्या. त्याच वर्षी धर्मवीर यांच्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने आपला पहिला अहवाल दिला होता आणि तो मुख्यतः शिपायावरच होता. त्याचा पगार, त्याचं घर, त्याचे तास, साहेबांच्या घरी ऑर्डर्ली म्हणून राबणं, आणि तक्रार सोडवायला यंत्रणा हवी ही शिफारस, सगळं त्यात होतं. सरकारच्या कपाटात अहवाल होता आणि रस्त्यावर लष्कर. १९८५ च्या तुलसीराम पटेल निकालात सर्वोच्च न्यायालयाने काही परिस्थितींत चौकशीशिवायची बडतर्फी वैध ठरवली. १९८६ मध्ये दिल्ली पोलिसांच्या कर्मचारी संघाच्या खटल्यात १९६६ च्या कायद्याचे निर्बंधही वैध ठरले. न्यायालयाचं दार असं लागलं.

जगात इतरांनी काय केलं? १९१९ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनच्या पोलिसांनी संप केला. अकराशेहून जास्त जणांना कायमचं काढून टाकलं आणि त्यांच्या जागी आलेल्या नव्या भरतीला तोच वाढीव पगार दिला, जो जुने मागत होते! पैसा नव्हता असं नाही, मागणारा नको होता. इंग्लंडमध्ये १९१८ आणि १९१९ ला पोलिसांचे संप झाले. सरकारने संघटना बंद केली, संप गुन्हा ठरवला, पण बदल्यात पगार वाढवला आणि पोलीस फेडरेशन कायद्याने उभं केलं. पुढे तिथे पगारासाठी लवाद आला. २००७ मध्ये त्या लवादाने अडीच टक्के वाढ १ सप्टेंबरपासून द्यायला सांगितली. गृहमंत्र्यांनी ती १ डिसेंबरपासून दिली, म्हणजे प्रत्यक्षात वर्षाला १.९ टक्केच. स्कॉटलंडमध्ये मात्र पूर्ण दिली. २३ जानेवारी २००८ ला वीस हजारांहून जास्त पोलीस सुट्टीच्या वेळेत, साध्या कपड्यांत लंडनच्या रस्त्यावर चालले. त्यांची मागणी होती रास्त पगार आणि बंधनकारक लवाद. यातून आपण एक गोष्ट टिपून ठेवायची. 'लवाद' या शब्दाला भुलायचं नाही, 'बंधनकारक' हा शब्द त्याच्या आधी आहे की नाही ते बघायचं.

आता पुन्हा त्या जुन्या कार्यकर्त्याच्या प्रश्नाकडे. रमाबाई नगराच्या खटल्यात २००९ मध्ये सत्र न्यायालयाने त्या तुकडीच्या फौजदाराला जन्मठेप सुनावली. गोळी झाडणाऱ्या कुणालाही आम्ही माफी देत नाही, हुकूम होता हे कारण होऊ शकत नाही. पण उद्या त्या ओळीत आपला पोरगा उभा असेल आणि तो म्हणाला, "साहेब, हा हुकूम बेकायदा आहे," तर त्याच्या पाठीशी कोण उभं राहणार? बदली झाली, गोपनीय अहवाल बिघडला, निलंबन आलं, तर तो कुठे जाणार? पगार, घर, रजा सगळं वरच्याच्या मर्जीवर असलेला माणूस वरच्याचं ऐकतो, मग तो वरचा कोणत्याही जातीचा असो. शिपायाला न्याय मागायची जागा असणं ही आपल्याही सुरक्षिततेची बाब आहे, ती अशी.

आणि संघटना उद्या निघाली तर तीही आपोआप आपली होणार नाही. फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. कामगारांच्या संघटनांतच जात कशी बसली आहे, हेही सुनावलं. गिरणीतल्या चांगल्या पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना जागा नव्हती आणि युनियनला त्याचं काही वाटत नव्हतं. म्हणून पोलिसांच्या कुठल्याही संघटनेत, कुठल्याही लवादाच्या बाकावर अनुसूचित जाती-जमातींचे आणि महिला शिपायांचे प्रतिनिधी पहिल्या दिवसापासून असले पाहिजेत. हे आम्ही आत्ताच बोलून ठेवतो, कारण नंतर कुणी ऐकत नाही.

सुधारणा झालीच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. मे २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला आणि त्याची मूळ योजना एका शिपायाच्या डोक्यातून आली होती. २०२२ च्या सुरुवातीला राज्यात महिला पोलिसांसाठी आठ तासांचा निर्णय झाला. चांगलं आहे. पण आयुक्त देतो ते आयुक्त काढूही शकतो. बंदोबस्त लागला की आठाचे बारा होतात आणि त्याविरुद्ध कुठे जायचं हे कोणत्याही आदेशात लिहिलेलं नसतं. गावात पोलीस पाटलाला आणि कोतवालाला अजूनही 'मानधन' मिळतं, पगार नाही. २०२४ मध्ये पोलीस पाटलाचं साडेसहा हजारांवरून पंधरा हजार झालं, तेही वर्षानुवर्षांच्या मोर्चांनंतर. मान द्यायचा आणि धन टाळायचं, ही या शब्दाची जुनी खोड आहे. वतन गेलं तरी ती गेली नाही.

त्या बैठकीत शेवटी एका पोराने विचारलं, "मग दादा, भरतीला उतरू की नको?" आम्ही म्हटलं, उतर. उंची, छाती, गोळा, सगळं नीट कर. आणि फॉर्म भरायच्या आधी १९६६ च्या कायद्याची ती चार पानं वाच, १९२८ च्या विधेयकावरचं भाषणही वाच. दोन्हींच्या झेरॉक्स आमच्याकडे आहेत. येत्या सोमवारी बाजार उठल्यावर, संध्याकाळी सहाला, बेल्ह्याच्या विहारात दोन्ही शेजारी ठेवून वाचायचं ठरलं आहे. तो जुना कार्यकर्ताही येणार आहे. भांडायलाच येतो म्हणालाय.